घडी न मोडलेलं पातळ घेऊन कालगुर्लीला

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, आणि पुढचे दोन महिने ते बिघडणार तर नाही या काळजीत गेले. बिघडलं नाही. मधल्या काळात तिघाचौघांनी विचारलं, सिडनीहून कालगुर्लीला गाडीने जायचं तर रस्ता कसा आहे, आणि मी उत्तर दिलं नाही. मी गेलो होतो त्याला खूप वर्षं झाली. ऐंशी सालानंतरचा कुठलासा मे महिना होता. तेव्हा पेट्रोलचे भाव माझ्याकडून घेऊ नका. रस्ता मात्र तोच आहे आणि वाराही तोच असणार.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्यात चूक सापडली तर समजून घ्या.

जे पहिल्यांदाच वाचताहेत त्यांना सांगतो. मी जुने कपडे जमवतो, उसवलेले शिवतो आणि ते घालतो. पुण्यात असताना शिंप्याच्या दुकानात काजं करायला शिकलो. सिडनीत आल्यावर कपड्यांच्या कारखान्यात लागलो आणि शनिवारी सकाळी ऑप शॉप पालथी घालायला लागलो. ऑप शॉप म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तूंचं दुकान. तिथे मला एकोणीसशे तीसच्या सुमाराचे लोकरी सूट मिळाले, पट्ट्याऐवजी गॅलिससाठी बटणं असलेल्या विजारी मिळाल्या, आतून हाताने टाचलेले वेस्टकोट मिळाले. माझी बायको विजया त्यांना मेलेल्यांचे कोट म्हणते. तिचं चुकत नाही. बहुतेक मेलेल्यांचेच असतात. पण ज्या माणसाने कोटाच्या आत इतका सरळ टाका घातला त्याचं काम वाया का जावं, असं मला वाटतं.

निघायचं कारण लग्नाचं होतं. माझी मोठी बहीण कुमुद, म्हणजे ताई, कालगुर्लीच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिचे यजमान इनास भाऊजी सोन्याच्या खाणीत इंजिनियर. त्यांची मुलगी लीना तिथल्याच ग्रेग नावाच्या इलेक्ट्रिशियनशी लग्न करत होती. ताईने फोनवर एवढंच सांगितलं, "तू मामा आहेस, आठ दिवस तरी ये." मग लीनाने फोन घेतला. तिला मराठी कळतं, बोलते निम्मं इंग्रजीत. म्हणाली, "मामा, ब्राइडला समथिंग ओल्ड लागतं. तुझ्याकडे तर एव्हरीथिंग ओल्ड आहे. काहीतरी आण ना."

माझ्याकडे एक वस्तू होती, आणि तिचीच मला भीती होती.

आमच्याकडे लग्नात मामाने भाचीला पिवळं पातळ द्यायचं असतं, त्याला अष्टपुत्री म्हणतात. ते कोरं लागतं. ताईच्या लग्नासाठी आमच्या दादामामांनी असंच एक गर्भरेशमी पातळ आणलं होतं, लाल काठाचं. पण ताईने घरच्यांनी ठरवलेलं लग्न केलं नाही. ती वसईच्या इनास भाऊजींबरोबर निघून गेली आणि त्यांनी चर्चमध्ये लग्न केलं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा असेन. वडिलांनी घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं आणि ते मरेपर्यंत कुणी घेतलं नाही. ताईने आईला पत्रं लिहिली, त्यांना उत्तर गेलं नाही. पातळ आईच्या ट्रंकेत राहिलं. आई गेली, ट्रंक माझ्याकडे आली. पुढे ताईनेच मला ऑस्ट्रेलियात बोलावून घेतलं. आल्या आल्या मी आईचा चांदीचा करंडा तिला पाठवला, तर तिने तो पोस्टाने परत केला. बरोबर चिठ्ठी होती, त्या घरातलं मला काही नको.

तरी मी पातळ घेतलं. ते परत आलं तर माझ्या मनाला लागणार हे माहीत होतं. पण भाचीला पिवळं पातळ द्यायचं आणि घरात हे असताना दुसरं विकत आणायचं, हेही माझ्याने होईना. विजया म्हणाली, "वन्संनी गाडीतून उतरू दिलं नाही तर तसेच परत फिरू. तुमची हौस."

आम्ही सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलहून पहाटे निघालो. गाडी जुनी स्टेशनवॅगन. दोन जादा टायर, वीस लिटर पाणी, फॅन बेल्ट, आणि मी प्रत्येक गावाच्या आधी थांबून रेडिएटर बघत होतो. विजयाने तीन दिवसांच्या दशम्या, लसणीची चटणी आणि लग्नासाठी नारळ, हळकुंडं, लिंबं घेतली होती. ब्लू माउंटन्स ओलांडून डब्बो, मग नायंगन, मग कोबार. कोबारला मुक्काम. पश्चिमेकडे जाताना दुपारी तीननंतर ऊन सरळ डोळ्यांत येतं, तेव्हा लवकर निघा आणि लवकर थांबा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. आम्ही रस्त्याकडेला पडलेले इतके पाहिले की विजयाने बघणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ब्रोकन हिल. इथे घड्याळ अर्धा तास मागे घ्यावं लागतं, म्हणून एका ऑप शॉपचं दार बंद होता होता मला आत शिरता आलं. तेव्हा शनिवारी दुपारनंतर देशभर दुकानं बंद असत. एका खोक्याच्या तळाशी खाणकामगाराचा काळा वेस्टकोट होता, पाठीला चट्ट्यापट्ट्यांचं सुती अस्तर, एका खिशाला चामड्याचं ठिगळ. ठिगळ मालकानेच लावलं असावं, टाके जाड पण मजबूत. मी तिथेच घालून पाहिला. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या की हा ज्याचा होता तोही असाच बारका आणि काळजीत असलेला दिसायचा. विजया गाडीत बसेपर्यंत हसत होती.

पोर्ट ऑगस्टानंतर खरा रस्ता सुरू होतो. सेडूनापर्यंत गव्हाची शेतं, त्यानंतर काही नाही. नलरबोर म्हणजे झाडं नसलेलं पठार. मधून मधून रोडहाऊस लागतात. पेट्रोल, मीट पाय म्हणून मांस भरलेली कचोरी, चिप्स, नाणं टाकून चालणारा शॉवर, सगळं महाग. टाकी अर्धी झाली की भरा, पुढचा पंप बंद असू शकतो. शाकाहारी माणसाने चिप्सवर राहण्याची तयारी ठेवावी. एके ठिकाणी रस्त्यापासून थोडं आत गेलं की जमीन संपते आणि खाली समुद्र. कठडा वगैरे काही नव्हता. मी लांबूनच पाहिलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना तपासणीची चौकी आहे. फळं, भाज्या, मध, बिया, कुठलाही झाडपाला आत नेता येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मला वाटलं ते आंब्याफणसाबद्दल आहे. चौकीवरचा माणूस साठीचा, अर्ध्या चड्डीत, फार सभ्य. त्याने लिंबं काढून घेतली, नारळ घेतला, हळकुंडं हुंगून घेतली. विजया त्याला इंग्रजीत सांगत होती की नारळाशिवाय लग्न कसं होईल. तो म्हणाला, नारळाशिवाय त्याची दोन झाली.

मग त्याने पातळाचं गाठोडं उघडायला सांगितलं. आत मलमलच्या फडक्यात पातळ, आणि घडीच्या मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाची कांडी. पुण्याहून येताना ते कस्टमच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. मला वाटलं पातळच जप्त होतं. मी भराभरा बोलायला लागलो, लग्न, आई, मामा, आणि माझं इंग्रजी अशा वेळी साफ जातं. त्याने हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, "नो वरीज मेट. पाला डब्यात टाक, कापड तुझं तू ने."

आता इथे जरा नीट वाचा, कारण तुमच्या घरीही हे होऊ शकतं.

जुनं रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं तर त्या घडीवर चिरतं. म्हणून दरवर्षी ते उलगडायचं आणि घडी दुसरीकडे घालायची. मला हे माहीत होतं. माझ्या ट्रंकेतले बाकीचे सगळे कपडे मी दर दिवाळीआधी उलगडतो. हे एक पातळ मी कधी उलगडलं नव्हतं. आईनेही नाही. कोऱ्या पातळाची घडी ज्याचं पातळ त्याने मोडायची, दुसऱ्याने नाही, असं आम्ही धरून चाललो. आई दरवर्षी पाला तेवढा बदलायची, बोटांनी आत सरकवून.

चौकीवर वारा होता. मी पाला पडावा म्हणून पातळ दोन टोकांनी धरून झटकलं. फाटल्याचा आवाज आला नाही. घडीच्या रेषांवर ते नुसतं सुटलं, आडवं आणि उभं, आणि माझ्या हातात पत्त्यांसारखे चौकोन लोंबायला लागले. फक्त काही धाग्यांनी आणि काठाने एकमेकांना धरून होते. चौकीवरच्या माणसाने पाहिलं आणि टोपी काढली. विजयाने माझ्या हातातून ते घेतलं, मलमलीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसली.

पुढचा रस्ता मला फारसा आठवत नाही. एक सरळ पट्टा आहे, जवळजवळ दीडशे किलोमीटर, त्यात एकही वळण नाही. तिथे झोप येते असं सगळे सांगतात. मला आली नाही. विजयाचं म्हणणं, पर्थला फोन करून नवं पिवळं पातळ मागवावं, विमानाने येईल, आणि हे ताईंना दाखवूच नये. मी म्हटलं बरं. थोड्या वेळाने म्हटलं, नको. नॉर्समनला पोचेपर्यंत असं चार वेळा झालं. शेवटी ती म्हणाली, "आज वन्संना काय ते तुम्ही सांगा. नाहीतर उद्या सकाळी मी सांगणार, आणि माझ्या पद्धतीने सांगणार."

कालगुर्लीचे रस्ते खूप रुंद आहेत, पूर्वी उंटांच्या तांड्यांना वळता यावं म्हणून तसे ठेवले म्हणतात. ताईचं घर पत्र्याच्या छपराचं, पुढे व्हरांडा, लाल धूळ सगळीकडे. भाऊजी परातीत फुग्यांचं पीठ भिजवत होते. वसईकडे लग्नात हे गोल तळलेले पाव लागतात. त्यांनी माझा ब्रोकन हिलचा वेस्टकोट पाहिला आणि विचारलं, खाणीत नोकरी शोधायला आलास का. त्या संध्याकाळी मी काही सांगितलं नाही. विजयाने माझ्याकडे बघणं चालू ठेवलं.

सकाळी ताई ड्यूटीवरून आली, चहा ओतला आणि स्वतःच विचारलं, "मामाचं पातळ आणलंस का? का या वेळी पण मेलेल्या गोऱ्याचा कोट?"

मी मलमल टेबलावर ठेवून उघडली. ताईने ते ओळखलं. घर सोडायच्या आदल्या दिवशी तिने ते एकदा पाहिलं होतं. ती बसली नाही. लाल काठावरून बोट फिरवत नेलं, पहिल्या चिरेपाशी थांबली, मग दुसऱ्या. मला वाटलं आता ते परत मलमलीत जाणार.

"हे शकूच्या लग्नात दिलं नाही?" तिने विचारलं. शकू आमची मावसबहीण. तिचं लग्न त्याच वर्षी झालं होतं.

"नाही. आईने कुणाला दिलं नाही."

"मला वाटलं तेव्हाच दिलं असेल. एवढं महाग, कोण ठेवील."

"दरवर्षी पाला बदलायची," मी म्हटलं. "घडी नाही मोडली. म्हणायची, ज्याचं त्याने मोडावी. म्हणूनच चिरलं, ताई."

"माझं नाव घ्यायची?"

"नाव नाही. पाला बदलायची."

विजया हळूच म्हणाली की वन्सं, फाटकं वस्त्र शुभकार्यात चालत नाही, आपण पर्थहून नवं मागवू. ताई म्हणाली, "शुभकार्यात मीच चालले नव्हते, विजू." मग तिने पदराचा भाग उचलला. तो घडीत सर्वांत आत होता, त्यामुळे अख्खा राहिला होता. हॉस्पिटलच्या निळ्या स्वेटरवरून तिने तो खांद्यावर घेतला आणि तशीच फ्रिजपाशी उभी राहिली. भाऊजी पिठाचे हात घेऊन दारात आले होते.

थोड्या वेळाने तिने पदर उतरवला. "झाली घडी मोडून," ती म्हणाली. "आता काप."

मी जुना कपडा कापत नाही. तीस रुपयांचा असो की तीन डॉलरचा, मी उसवतो, जोडतो, कापत नाही. त्या दिवशी कापलं. गावात सुती तलम कापड मिळालं, ते धुऊन घेतलं, त्याच्यावर रेशमाचे चौकोन कडेला कड लावून मांडले आणि गोधडीला घालतात तसा जवळजवळच्या टाक्यांचा धावदोरा घातला. मशीन वापरू नका, मशीनची सुई आणि ताण जुन्या रेशमाला पुढे चिरत नेतात. हातशिलाईची बारीक सुई, रेशमाच्याच रंगाचा सुती दोरा, आणि टाका ओढायचा नाही. सगळं पातळ होण्याएवढं कापड धड नव्हतं. अडीच वार लांबीचा शेला झाला, दोन्ही बाजूंना तोच लाल काठ, टोकाला तोच पदर.

आम्ही तिघं शिवत होतो. ताईचे टाके मोठे आणि सारख्या अंतरावर. मी म्हटलं, हे हॉस्पिटलचे टाके आहेत. ती म्हणाली, माझे टाके घातलेला एकही पेशंट परत उसवून आलेला नाही, तुझ्या कोटांचं तू बघ. लीना कामावरून आली, तिला सगळं सांगितलं. तिने पदर हातात घेतला आणि म्हणाली, "सो इट्स मम्मीज. मग मी घालू ना?" हे तिने मला विचारलं नाही, ताईला विचारलं. ताई म्हणाली, मान सरळ ठेव, मापं घ्यायचीत.

लग्न शनिवारी चर्चमध्ये झालं. पांढऱ्या गाऊनवर पिवळा शेला मीच लीनाच्या खांद्यावर टाकला, एवढंच मामाचं काम उरलं होतं. चर्चच्या उजेडात चिरांच्या रेषा दिसत होत्या, कोबीच्या पानाच्या शिरांसारख्या. ग्रेगच्या आईने नंतर विचारलं, ही तुमच्याकडची नक्षी का. ताई हो म्हणाली. मी तीसच्या सुमाराचा करडा सूट घातला होता, आणि त्याच बाईंनी मला असे सूट भाड्याने कुठे मिळतात तेही विचारलं.

परतीचा रस्ता तोच, फक्त ऊन पाठीशी. गाडीला काही झालं नाही. टायर न वापरता परत आले.

क्वेकर्स हिलला पोचून आठवडा झाला असेल, रविवारी दुपारी ताईचा फोन आला. तिचा फोन नेहमी भाऊजींच्या ब्लड प्रेशरपासून सुरू व्हायचा. त्या दिवशी तसा झाला नाही. ती म्हणाली, "बाळू, आई त्या ट्रंकेत अजून काय काय ठेवायची?"

मी फोन विजयाला दिला आणि ट्रंक ओढून आणली. एकेक वस्तू काढून सांगत गेलो. करंडा. दोन इरकली लुगडी. आईची एक बाही उसवलेली चोळी. वडिलांचं उपरणं. विजया फोनवर तसंच पुढे सांगत होती, आणि मधेच म्हणाली, वन्सं विचारतात, चोळीची बाही कुठली, डावी की उजवी. मी म्हटलं डावी. ताईचं उत्तर विजयाने सांगितलं, ती मी ओढली होती, खेळताना. शिवू नकोस, तशीच पाठव.

करंडा आणि चोळी पोस्टाने गेली. परत आली नाहीत.

या प्रवासाचं माझ्याकडे राहिलं ते ठिगळाचा वेस्टकोट आणि कापताना उरलेल्या काठाची बोटभर पट्टी. तिचा काही उपयोग नाही. दर दिवाळीआधी मी तीही उलगडतो आणि घडी बदलून ठेवतो.

तुमच्या ट्रंकेत किंवा कपाटात कुणासाठी तरी राखलेलं, घडी न मोडलेलं पातळ असेल तर आज काढा. वाऱ्यात झटकू नका. पलंगावर चादर पसरून, दोघांनी दोन टोकं धरून हळू उलगडा. ज्याचं असेल ते माणूस हयात असेल तर त्यालाच बोलवा. आणि कसं निघालं, धड की चिरलेलं, ते मला खाली लिहून लवकर कळवा. चिरलं असेल तर काय करायचं ते सांगतो. माझं वय झालंय आणि मी उगाच काळजी करत बसतो, तेव्हा फार उशीर करू नका.